दुर्मीळ दमटप्रिय ऑर्किड काचपेटीत वाढवताना

१८२९ साली लंडनमधील डॉक्टर नॅथॅनिएल वॉर्ड यांनी एका पतंगाचा कोष काचेच्या बाटलीत ओलसर मातीवर ठेवून बाटलीचे तोंड झाकले. त्यातून पतंग बाहेर येण्याची ते वाट पाहत होते, पण दरम्यान त्या मातीत नेचा आणि गवत उगवले. शहराच्या धुरकट हवेत जे नेचे जगत नव्हते ते बंद काचेत सहज वाढतात हे त्यांच्या लक्षात आले, आणि त्यातून पुढे ‘वॉर्डियन पेटी’ जन्माला आली. १८३३ मध्ये अशा पेट्यांतून झाडे जहाजाने थेट सिडनीपर्यंत जिवंत पोहोचली. काचेत दमटपणा कोंडला की झाडाचे सगळे भागले, हा समज तेव्हापासून रुजला आहे. नेच्यांच्या बाबतीत तो बराचसा खराही आहे. ऑर्किडच्या बाबतीत मात्र तोच सर्वाधिक नुकसान करतो.

अँडीज पर्वतातील मेघवनांत किंवा न्यू गिनीच्या डोंगरमाथ्यांवर फांद्यांना चिकटून वाढणारी सूक्ष्म ऑर्किड दिवसभर धुक्यात असतात हे खरे. परंतु ते धुके सतत वाहत असते, मुळे दिवसातून अनेकदा भिजतात आणि तितक्याच वेळा सुकू लागतात, आणि सूर्य मावळला की हवा झपाट्याने गार होते. काचपेटीत दमटपणा फुकट मिळतो. हलती हवा आणि रात्रीचा गारवा या दोन गोष्टी मात्र काच हिरावून घेते, आणि पुढील सर्व खटाटोप त्या दोन गोष्टी परत मिळवण्यासाठीच आहे.

पहिले काम: झाड नव्हे, तापमापक

पेटी जिथे ठेवायची त्याच जागी दिवसातील कमाल आणि किमान तापमान नोंदवणारा तापमापक किमान दोन आठवडे ठेवावा, आणि शक्य असल्यास ही नोंद वर्षातील सर्वांत उष्ण दिवसांत करावी. दुपारच्या कमाल आकड्याकडे सगळे पाहतात, परंतु निवड ठरवायची ती रात्रीच्या किमान आकड्यावरून. झाड दिवसा प्रकाशसंश्लेषणाने अन्न तयार करते आणि चोवीस तास श्वसनाने ते खर्च करते. तापमान दहा अंशांनी वाढले की श्वसनाचा वेग साधारण दुप्पट होतो. ज्या ऑर्किडना छद्मकंद, म्हणजे अन्न-पाणी साठवणारी फुगीर खोडे, नसतात त्यांच्याकडे अन्नाचा साठा जेमतेमच असतो. अशा झाडांना रात्रीची ऊब लागोपाठ मिळत राहिली, तर ती दिवसाची कमाई रात्रीत संपवून बसतात. याचे लक्षण उशिरा दिसते. प्रत्येक नवे पान आधीच्या पानापेक्षा थोडे लहान निघते, मग जुनी पाने देठाच्या तळाशी सुटून पडू लागतात, आणि तोवर दोष पाण्याला दिला जात असतो.

रात्रीचे तापमान १२ ते १५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरत असेल आणि दिवसा २४ अंशांच्या फार वर जात नसेल, तरच ड्रॅक्युला, उंचावरील मॅसडेव्हालिया किंवा न्यू गिनीचे डेंड्रोबियम कथबर्टसोनी यांचा विचार करावा. रात्री १५ ते १८ आणि दिवसा २६ अंशांपर्यंत असेल तर रेस्ट्रेपिया, स्टेलिस, स्पेक्लिनिया आणि लेपॅंथीसच्या बऱ्याच जाती जमतात. रात्र २० अंशांच्या खाली जातच नसेल तर मॅकोडेस पेटोला, अॅनेक्टोचिलस अशी रत्न ऑर्किड (म्हणजे फुलांपेक्षा पानांच्या शोभेसाठी वाढवली जाणारी), लहान बल्बोफायलम, फिलिपिन्सचे चिमुकले डेंड्रोबियम टोरेसी आणि मॅसडेव्हालियांपैकी ऊब सोसणारे मॅसडेव्हालिया फ्लोरिबुंडा एवढीच निवड शहाणपणाची. पेटी कृत्रिमरीत्या थंड करण्याचे मार्ग आहेत, पण खोलीची वातानुकूलन यंत्रणा किंवा कॉम्प्रेसरवर चालणारे शीतयंत्र यांखेरीज बाकीचे उपाय फार तोकडे पडतात. बाष्पीभवनाने गारवा आणण्याची कल्पना तर इथे मुळातच लागू होत नाही, कारण आधीच नव्वद टक्के आर्द्रता असलेल्या हवेत पाण्याचे बाष्पीभवन नगण्य होते.

तापमानाचा आणखी एक परिणाम आर्द्रतेच्या आकड्यात लपलेला असतो. २० अंशांना एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे १७ ग्रॅम बाष्प मावते, तर ३० अंशांना सुमारे ३० ग्रॅम. दोन्ही ठिकाणी मापक ८० टक्के दाखवत असला, तरी पहिल्या हवेला पोट भरण्यासाठी साडेतीन ग्रॅम बाष्प हवे असते आणि दुसरीला सहा ग्रॅम. म्हणजे आकडा तोच असूनही उष्ण हवा पानातून जवळपास दुपटीने पाणी ओढते. म्हणून ‘या जातीला ८० टक्के आर्द्रता हवी’ हे वाक्य तापमानाशिवाय अर्धवटच राहते.

मापकाचीही परीक्षा घ्यावी. छोट्या झाकणात मीठ घेऊन ते ओल्या वाळूसारखे होईल इतकेच पाणी त्यात घालावे, झाकण आणि आर्द्रतामापक एका हवाबंद पिशवीत शेजारी ठेवावेत आणि दहा-बारा तासांनी आकडा पाहावा. संपृक्त मिठाच्या द्रावणावरील हवा सुमारे ७५ टक्क्यांवर स्थिर होते. मापक ६८ दाखवत असेल तर त्यात सातची भर घालून वाचावे. स्वस्त मापक नव्वदच्या पुढे भरवशाचे राहत नाहीत, हेही ध्यानात ठेवावे.

जातींची निवड

‘दुर्मीळ’ या शब्दाने घाई करू नये. ऑर्किडच्या प्लुरोथॅलिडिनी या एकाच उपगटात पाच हजारांहून अधिक जाती आहेत, त्यांतील लेपॅंथीसच्याच हजारांवर. आणि त्यांतील कित्येक एखाद्याच दरीत किंवा उतारावर आढळतात. अशा जातीचे झाड जंगलातून काढून आलेले असेल, तर ते काचपेटीत बहुधा जगत नाही आणि त्या उतारावरूनही नाहीसे होते. संपूर्ण ऑर्किड कुळ वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या किमान दुसऱ्या परिशिष्टात आहे, तर पॅफिओपेडिलम आणि फ्रॅग्मिपेडियम या ऑर्किड प्रजाती अधिक कडक अशा पहिल्या परिशिष्टात. त्यामुळे सीमेपलीकडून झाड मागवताना परवान्याची कागदपत्रे मागणे हे खरेदीदाराचेही काम आहे. बियांपासून प्रयोगशाळेत वाढवलेली किंवा रोपवाटिकेत विभाजन करून तयार झालेली झाडे घ्यावीत. ती ओळखणेही अवघड नसते: पाने सारख्या ठेवणीची, मुळे ताजी आणि माध्यमाला धरलेली असतात. जंगलातील झाडावर कीटकांनी कुरतडलेली पाने, सालीचे तुकडे आणि तुटक्या, वाळलेल्या मुळांचा गुंता दिसतो.

सुरुवात रेस्ट्रेपियाने करावी असे माझे स्पष्ट मत आहे. ही ऑर्किड थोडी चूक पोटात घालतात, एकाच पानाच्या मागून वर्षानुवर्षे फुलतात आणि पेटीचे कुठे बिघडले आहे ते मरण्याआधी सांगतात. उष्ण घरात तीच जागा मॅकोडेस पेटोलाला द्यावी. त्याच्या गडद पानांवरील सोनेरी जाळी हीच त्याची शोभा, फुले दुय्यम. लुडिसिया डिस्कलर सोपे असले, तरी ते पेटीबाहेरही बऱ्यापैकी जगते, त्यामुळे पेटीची परीक्षा त्यावरून होत नाही. ड्रॅक्युलाचा मोह मात्र आवरावा. ही प्रजाती कार्लाइल लुअर यांनी १९७८ मध्ये मॅसडेव्हालियापासून वेगळी केली. तिच्या फुलांचा मधला ओठ छत्रीच्या, म्हणजे अळंबीच्या, खालच्या बाजूसारखा दिसतो आणि अळंबीवर येणाऱ्या माश्यांना फसवतो. तिचा फुलोरा बहुधा खाली उतरतो, त्यामुळे ती कुंडीत लावली तर कळ्या माध्यमात शिरून कुजतात. तिला जाळीची टोपलीच हवी, आणि टोपलीखाली मोकळी जागाही हवी.

पेटी आणि हवा

पेटी जितकी मोठी तितके तिचे हवामान स्थिर. ४५ सेंटीमीटर लांब-रुंद आणि ६० सेंटीमीटर उंच पेटीत सुमारे १२० लिटर हवा मावते, आणि सुरुवातीला हे माप पुरेसे आहे. तीस लिटरच्या खालच्या पेटीत दिवा लागताच तापमान उसळते. दार समोरून उघडणारे असावे, कारण वरून हात घालून मागच्या भिंतीवरचे झाड सांभाळता येत नाही. समोर खालच्या बाजूला वायुवीजनाची पट्टी आणि छताला मागच्या कडेने दोन-तीन सेंटीमीटर रुंद जाळी असेल, तर दिव्याने तापलेली हवा वरून बाहेर पडते आणि खालून ताजी हवा आपोआप आत येते. जाळीचा किती भाग काचेच्या पट्टीने झाकायचा हे पुढे अनुभवाने ठरते. सिलिकॉन वापरले असेल तर त्याचा व्हिनेगरसारखा वास पूर्ण जाईपर्यंत झाड आत ठेवू नये.

आत संगणकात वापरतात तसा १२ व्होल्टचा, ४० ते ८० मिलिमीटरचा पंखा बसवावा आणि तो दिवसरात्र सर्वांत मंद वेगाने चालू ठेवावा. त्याचा झोत झाडांवर नव्हे, तर मागच्या किंवा बाजूच्या काचेवर मारावा, म्हणजे हवा वळून पेटीभर फिरते. बारीक पाने जेमतेम थरथरली पाहिजेत. या पंख्याचे काम पेटीतील हवा पेटीतच फिरवण्याचे आहे. हवा बाहेर फेकणारा पंखा वेगळा, आणि तो लागलाच तर टायमरवर दिवसातून थोडाच वेळ चालवावा. अडॅप्टर पेटीबाहेर आणि पाण्याच्या पातळीच्या वर ठेवावा, तारेला प्लगच्या आधी खाली झोल द्यावा म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी प्लगपर्यंत जात नाही, आणि विजेची गळती होताच प्रवाह तोडणाऱ्या स्विचवरच सर्व जोडणी करावी. दमट हवेत पंखे गंजतात, म्हणून एक जादा पंखा घरात असलेला बरा. वीज बराच वेळ गेली आणि दिवस उष्ण असेल, तर दार दोन बोटे उघडे ठेवावे. दमटपणा काही तास कमी झाला तरी झाड तग धरते, कोंदट उष्णतेत मात्र लवकर कुजते.

हवा पुरेशी फिरते की नाही हे मापकापेक्षा पाने अधिक अचूक सांगतात. फवारणीनंतर पानांवरील थेंब एक-दोन तासांत नाहीसे झाले पाहिजेत, ज्या सालीवर झाड बांधले आहे तिचा पृष्ठभाग अर्ध्या दिवसात ओला न राहता नुसता गार लागला पाहिजे, आणि काचेवरचे धुके दुपारपर्यंत विरले पाहिजे. काच दिवसभर झाकोळलेली राहत असेल तर पेटी सुंदर दिसेल, पण ती ऑर्किडची पेटी नव्हे.

प्रकाश

दिवा नेहमी काचेच्या बाहेर, छतावर ठेवावा. पांढऱ्या प्रकाशाचे साधे एलईडी पुरतात. पेटीच्या वरच्या भागात पाच ते दहा हजार लक्स आणि तळाशी रत्न ऑर्किडसाठी दोन ते चार हजार लक्स, असा उतार तिथे आपोआप तयार होतो. टायमरवर रोज बारा तास प्रकाश द्यावा. पाने गर्द हिरवी, लांबट आणि मऊ होऊ लागली तर प्रकाश कमी आहे. पिवळसर किंवा लालसर होऊन आखूड राहिली तर जास्त. लेपॅंथीसच्या काही जातींची पाने मुळातच जांभळट असतात, त्यांच्यावरून मात्र हा निष्कर्ष काढू नये.

पाणी

पावसाचे स्वच्छ पाणी किंवा आरओचे पाणी, विरघळलेले क्षार लिटरमागे ५० मिलिग्रॅमच्या आत, हा नियम इथे सैल करता येत नाही. जड पाण्यातील क्षार मुळांच्या टोकांवर साचतात आणि ती करपतात, शेवाळ मरते, फवाऱ्याची नोझल बुजतात आणि काचेवर न जाणारे डाग पडतात. आरओ यंत्रातही चव येण्यासाठी क्षार परत मिसळण्याची सोय असते, म्हणून पाणी एकदा मोजून पाहावे.

फवारणी यंत्राने असो वा हाताने, दिवसाची पहिली फवारणी दिवा लागल्यावर लगेच आणि भरपूर करावी, इतकी की सालीवरून पाणी निथळेल. त्यानंतर हवामानानुसार एक ते तीन छोट्या फवारण्या पुरतात. शेवटची फवारणी दिवा मालवण्याच्या किमान तीन तास आधी व्हावी. रात्री तापमान उतरले की आर्द्रता आपोआप चढते. तेव्हा नव्या कोंबांच्या बेचक्यात पाणी साचलेले असेल, तर सकाळपर्यंत कोंब काळा पडू शकतो. ध्वनिलहरींनी धुके करणारी यंत्रे आकर्षक दिसतात, म्हणून ती बहुतेक जण प्रथम विकत घेतात. मला ती अनावश्यक वाटतात: त्या धुक्याने मूळ भिजत नाही, हवा मात्र उगाच संपृक्त राहते.

खत फारच जपून द्यावे. संतुलित द्रवखत पुड्यावर सांगितलेल्या प्रमाणाच्या एक चतुर्थांश किंवा त्याहूनही सौम्य करून, वाढीच्या काळात आठवड्या-पंधरवड्यातून एकदा फवारावे आणि पुढच्या वेळी साध्या पाण्याने सर्व धुऊन काढावे. सालीवरचे जिवंत शेवाळ तपकिरी पडू लागले तर खत जास्त झाले आहे, असे समजून ते महिनाभर बंद करावे.

लागवड

ऑर्किडच्या मुळांवर वेलामेन नावाचे मृत पेशींचे सच्छिद्र आवरण असते. ते पाणी क्षणात शोषते, पण पाण्याने भरलेले राहिले तर आतल्या जिवंत मुळाला हवा मिळत नाही. म्हणून माध्यम कोणतेही निवडले तरी त्यात हवा खेळली पाहिजे.

बारीक मुळांच्या जाती बुचाच्या सालीवर किंवा वृक्षनेच्याच्या तुकड्यावर बांधाव्यात. आधी साल उकळत्या पाण्यात ठेवून गार करावी. लांब धाग्यांचे स्फॅग्नम शेवाळ भिजवून घट्ट पिळावे आणि त्याचा अर्धा सेंटीमीटर जाडीचा पातळ थर सालीवर ठेवावा, त्यावर मुळे पसरावीत, आणि झाडाचा बुंधा शेवाळात न पुरता किंचित पुढे झुकलेला ठेवावा, म्हणजे पाणी त्यात न साचता ओघळेल. मासेमारीच्या पातळ नायलॉन दोऱ्याने झाड हलणार नाही इतके पक्के बांधावे; हलणाऱ्या झाडाची कोवळी मुळे पुन्हा पुन्हा घासून मोडतात आणि पकड बसतच नाही. नव्या मुळांनी साल धरली की दोरा कापून टाकावा.

ज्यांना सतत ओल लागते त्या मॅसडेव्हालियासारख्या जाती पाच-सहा सेंटीमीटरच्या जाळीदार कुंडीत सैल भरलेल्या स्फॅग्नममध्ये लावाव्यात. शेवाळ दाबून भरणे ही फार सामान्य सवय आहे आणि तिच्यामुळे मुळे गुदमरतात. बोटाने दाबल्यावर ते परत वर येईनासे झाले, की वर्षभराचे असो वा दीड वर्षाचे, ते बदलावे. रत्न ऑर्किड जमिनीवर सरपटणारी असल्याने त्यांना पसरट, उथळ भांडे द्यावे. स्फॅग्नम, बारीक साल आणि परलाइट (हलके, सच्छिद्र पांढरे खडे) यांच्या मिश्रणावर त्यांचे आडवे खोड नुसते टेकवावे, पुरू नये.

पेटीच्या तळाशी माती भरून छोटे जंगल उभारण्याची हौस अनेकांना असते. पण तळाला निचऱ्याचे छिद्र, त्यावर जाळी आणि जाळीवर मोकळ्या ठेवता येणाऱ्या कुंड्या, ही रचना दिसायला रूक्ष असली तरी मी तीच सुचवेन. मातीच्या थरात गोगलगाई लपतात, साचलेले पाणी दिसत नाही, आणि एक झाड बिघडले तर सगळी मांडणी उकरावी लागते.

झाड आत ठेवण्यापूर्वी आणि नंतर

तयार पेटी दिवा, पंखा आणि फवाऱ्यासह रिकामीच दोन आठवडे चालवावी, आणि वर, मध्ये व तळाशी तापमान व आर्द्रता नोंदवून प्रत्येक झाडाची जागा आधीच ठरवावी. आणलेले झाड त्याच दिवशी पेटीत जाऊ नये. जुने माध्यम पूर्ण काढून, मुळे धुऊन ते चार ते सहा आठवडे वेगळ्या पारदर्शक डब्यात ठेवावे, कारण पेटीत एकदा शिरलेली कीड काढणे जवळपास अशक्य असते. विशेष भीती पाच-सहा मिलिमीटरच्या, चपट्या शंखाच्या गोगलगाईंची. त्या दिवसा माध्यमात दडतात आणि रात्री मुळांची कोवळी टोके खातात. वर झाड महिनोन्महिने नुसते थबकलेले दिसते. संध्याकाळी काकडीची चकती ठेवून पहाटे ती गोगलगाईंसह उचलावी आणि हे काही आठवडे चालू ठेवावे. उड्या मारणारे पांढरे स्प्रिंगटेल मात्र कुजलेले पदार्थ आणि बुरशी खातात, त्यांना राहू द्यावे.

पानाच्या तळाशी पाण्याने भरल्यासारखा काळपट डाग दिसला आणि तो एका रात्रीत वाढला, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. ज्योतीवर तापवून गार केलेल्या पात्याने निरोगी भागापर्यंत कापावे, झाड पेटीच्या सर्वांत हवेशीर कोपऱ्यात हलवावे आणि दोन-तीन दिवस त्यावर फवारणी टाळावी. औषध शोधण्याआधी पंखा तपासावा. फुलांवर बारीक तपकिरी ठिपके येत असतील तर तेही रात्रीच्या स्थिर हवेचेच लक्षण असते.

छाटणीत संयम लागतो. रेस्ट्रेपिया आणि लेपॅंथीस जुन्याच पानांवरून पुन्हा पुन्हा फुलतात आणि मॅसडेव्हालिया टोव्हारेन्सिसचा हिरवा देठ पुढच्या हंगामातही कळ्या देतो, म्हणून जे हिरवे आहे ते कापू नये. शेवाळ मात्र निर्दयपणे छाटावे; सूक्ष्म जातींचे कोंब त्याखाली गाडले जाऊन प्रकाशाअभावी मरतात.

रेस्ट्रेपियाच्या पानाच्या तळाशी कधीकधी पिल्लू धरते. त्याची मुळे दोन-तीन सेंटीमीटर झाली की ते वेगळे करता येते. रत्न ऑर्किडचे फुललेले खोड पुढे वाढत नाही. त्याचे दोन-तीन पेरांचे तुकडे करून ओलसर स्फॅग्नमवर आडवे ठेवले की पेरांतून कोंब फुटतात. मॅसडेव्हालियाचे विभाजन करताना प्रत्येक भागात किमान पाच-सहा पाने ठेवावीत, कारण त्याहून लहान तुकडे वर्ष-दोन वर्षे नुसते जिवंत राहतात, फुलत नाहीत. वेगळे केलेले एक रोप दुसऱ्या पेटीत किंवा ओळखीच्या छंदिष्टाकडे ठेवावे, म्हणजे पंखा बंद पडून किंवा कीड शिरून एक पेटी गेली तरी ती जात आपल्याकडे परत येऊ शकते.